यादीतला नववा पत्ता

प्रिय चिमे,

हे नाव वाचूनच तुझ्या छातीत धस्स झालं असेल. नऊ वर्षांत तुला या नावाने कुणी हाक मारली नसेल आणि मारलेली तुला नकोच असेल. म्हणून आधी एवढं सांगतो: मी तुझ्या दाराशी आलेलो नाही. हे पत्र आणि पुस्तक ज्या बाईंनी तुझ्या हातात दिलं त्या एकट्याच आल्यात, त्यांच्यामागे कुणी नाही. काय करायचं ते मी शेवटी लिहिलंय. पण उडी मारून शेवट वाचू नकोस. मधलं वाचल्याशिवाय तुझा माझ्यावर विश्वास बसणार नाही, आणि तो सहजासहजी बसूही नये.

आज रविवार, दुकान बंद. शटर अर्धं ओढून मी काच कापायच्या टेबलावर लिहायला बसलोय. बाबा घरी जेवून आडवे झालेत, तासभर तरी उठायचे नाहीत. दुकान होतं तसंच आहे. टेबलावरची लोकरी बनात नवी घातली, काचेवर रेघ मारायची हिरकणी मात्र अजून तीच, लाकडी मुठीची. माळ्यावर आता रिकामी खोकी रचलीत. तिथेच आपण त्या ड्रॅगनच्या कादंबरीचे पहिले सहा भाग वाचले, दुपारी बाबा घरी गेले की. एक पुस्तक आणि दोघं. तू पान आधी संपवायचीस आणि मी संपवेपर्यंत माझ्या बोटांवर टिचक्या मारत बसायचीस. तू नऊ वर्षांची, मी पंधराचा, परकी भाषा दोघांनाही अर्धीमुर्धीच कळायची. मग जे कळलं नाही ते आपण आपल्या मनाने भरायचो. तो दात पडलेला म्हातारा ड्रॅगन आठवतो ना? त्याचं मूळ नाव तोंडात बसेना म्हणून तू त्याला बोळक्या म्हणायला लागलीस. जगात त्याला बोळक्या म्हणणारी माणसं दोनच होती.

तीन वर्षांपूर्वी मी फोनवरच्या त्या वाचकांच्या गटात शिरलो. सातव्या भागाची वाट बघून बघून येडे झालेले अकरा लोक. लेखकाने तिकडे दाढी काढली तरी इकडे दोन दिवस चर्चा चालायची, की आता लिहून झालं असेल म्हणून काढली की सुचत नाही म्हणून काढली. मी तिथे 'पाहुणा' हे नाव घेतलं आणि फारसं बोललो नाही. एका सकाळी मी न्हाव्याच्या दुकानाचा मोठा आरसा कापत होतो. फोन वाजला, म्हणून बघितलं. 'ठिपका' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "या भागात बोळक्या मेला तर मी पुस्तक खिडकीतून भिरकावीन." कुणीतरी विचारलं, बोळक्या कोण? तू ड्रॅगनचं खरं नाव सांगितलंस आणि लिहिलंस, आमच्याकडे त्याला तसं म्हणायचे. मी हिरकणी खाली ठेवली. तू जिवंत आहेस हे मला त्या क्षणी कळलं, चिमे. तोवर ते मला नक्की ठाऊक नव्हतं.

मी तुला कळू दिलं नाही. तीन वर्षं. तू मांजर पाळलंस, तुला तापाने आठ दिवस झोपवलं, तू उभ्याउभ्याच जेवतेस आणि त्यावरून सगळे तुला रागावतात, हे सगळं मी वाचत आलो. हे चोरून ऐकणंच झालं, मला कळतं. पण मी कोण ते सांगितलं असतं तर तू त्याच घटकेला गटातून निघून गेली असतीस, आणि मला तेवढंही उरलं नसतं.

मग या वर्षी एकदाची तारीख जाहीर झाली. पुस्तक आपल्याकडे यायला आठ-नऊ महिने लागणार होते, आणि तेवढं थांबायची कुणाचीच तयारी नव्हती. सगळ्यांनी मिळून परदेशातल्या दुकानातून एकच खोकं मागवायचं ठरलं. आपल्या दुकानाला बाहेरून काच कापायची हत्यारं येतात, कस्टमचे कागद मला पाठ आहेत, म्हणून मी म्हटलं, माझ्याकडे मागवा, मी पुढे एकेकाला पाठवतो. सगळ्यांनी पत्ते दिले. तू आधी म्हणालीस, मी थांबेन. चार दिवसांनी मला एकट्याला निरोप पाठवलास. दातांच्या कवळ्या बनवणारी प्रयोगशाळा, दुसरा मजला, आणि एक परकं नाव. खाली लिहिलं होतंस, "पाहुणे, हा पत्ता कुणाला देऊ नका हं. कारण सांगत बसत नाही." मी उत्तर दिलं, "काळजी नसावी." आणि पुड्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहिताना घोळ नको म्हणून अकरा पत्ते एका कागदावर उतरवून काढले. तुझा नववा. तो कागद कस्टमच्या पावतीला टाचून मी फाइलमध्ये ठेवला. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला आता सहन होत नाही.

खोकं सांगितल्यापेक्षा चार दिवस आधी आलं. गेल्या बुधवारी मी एका दवाखान्यात तावदानं बसवायला गेलो होतो. परत आलो तर बाबा गल्ल्यामागे बसलेले, खोकं फोडलेलं, अकरा पुस्तकं टेबलावर ओळीने मांडलेली. दुकानात आलेली प्रत्येक वस्तू तेच उघडतात, तुला माहीत आहे. त्यांच्या हातात एक पुस्तक होतं. त्यांना ती भाषा येत नाही, पण वेष्टणावरचं ते दर भागावर असणारं शिडाचं जहाज त्यांनी ओळखलं. तुझे सहा भाग त्यांनीच तर रद्दीत घातले होते. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं, फाइल उघडी होती, त्यातली यादी उचलली आणि एकेका नावावरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "यात ती आहे?"

ते ओरडत नाहीत. पहिल्यापासून कधीच ओरडले नाहीत. तू पहिल्यांदा गेलीस तेव्हाही त्यांनी याच टेबलाशी, असंच, एकदाच विचारलं होतं, "कुठे आहे?" तू फक्त मला सांगून गेली होतीस की तुझ्या चित्रकलेच्या बाईंकडे राहणार, तिथून शिकायला पुढच्या गावी जाणार. मी सत्तावीस वर्षांचा बाप्या. त्यांनी मला हातही लावला नव्हता. आणि मी सांगून टाकलं. तुला घेऊन येताना गाडीत मी पुढे होतो. घराशी तुला उतरवताना त्यांनी तुझं मनगट पिरगळलं, तो हाडाचा आवाज मला ऐकू आला, आणि मी मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर एकोणीस दिवस वरच्या खोलीत तुझं ताट मीच आणायचो. बाहेरची कडी मीच काढायचो आणि परत मीच लावायचो. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. हे सगळं तुला माहीत आहे, तुला सांगायची गरज नाही. पण मी ते कधी माझ्या तोंडाने कबूल केलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

बुधवारी मी म्हटलं, "नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोललो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुला कसं ठाऊक?" मी म्हटलं, सगळ्यांना भेटलोय मी, दोस्त आहेत माझे. त्यांनी मान हलवली, यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या दुपारी माझ्या हातून दोन मोठ्या काचा गेल्या. त्यांनी स्वतः उठून झाडू घेतला आणि तुकडे गोळा केले. मला त्यांच्या त्या वाकलेल्या पाठीची जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

गुरुवारी यादी पुन्हा फाइलमध्ये होती. चार नावांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. यादीतल्या चारही बायका. तुझं नाव बदललेलं आहे, पण बदललं असणार हे त्यांना कळतंच.

शुक्रवारी ते जेवायला म्हणून गेले आणि दोन तास आले नाहीत. संध्याकाळी मला फोन आला तो गटातल्या ग्रंथपालबाईंचा. त्या आपल्याच गावात राहतात, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यात. म्हणाल्या, एक म्हातारे गृहस्थ आले होते, पाणी मागितलं, खुर्चीवर बसले, माझ्याकडे नीट बघितलं, घरात आणखी कोण असतं ते विचारलं आणि गेले. तुझ्या ओळखीचे आहेत का रे? मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिचं पुस्तक माझ्याकडे दे. कुरियरने नको, मी नेते." हे पत्र आणणाऱ्या त्याच. गटात सगळ्यांना दम देतात त्याच, एवढ्यावरून ओळखशील.

कालपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो, की बाबांचं वय झालंय, पोरीला एकदा बघावंसं वाटत असेल. आईही तसं म्हणाली होती. पण काल त्यांनी वरची खोली झाडून घेतली, आणि सुतार बोलावून दाराला नवी कडी बसवली. बाहेरून. आई दुकानात कधी येत नाही, काल आली. गल्ल्याशी उभी राहिली, बाबा मागे मोजमाप घेत होते. हळूच म्हणाली, "तुला काही ठाऊक असेल तर कळव तिला." आणि एक डबा ठेवून निघून गेली. डबा रिकामा होता, येण्याला निमित्त म्हणून आणलेला. तुला ठाऊक आहे का, तुझं प्लास्टर काढायला इस्पितळात नेलं होतं त्या दिवशी आईला तू दुसऱ्या दाराने जाताना दिसली होतीस? तरी ती तास-दीड तास बाकावर बसून राहिली आणि मग घरी येऊन म्हणाली, पोरगी सापडत नाही. हे तिने मला गेल्या वर्षी सांगितलं. आपल्या घरात धीट माणूस एकच, आणि तिला आपण भित्री समजत होतो.

आता नीट वाच. उद्या सोमवारी गाडी काढायला बाबांनी मला सांगितलंय. नाही म्हणायची माझी छाती नाही, आणि नाही म्हटलं तर ते एकटे निघतील आणि सरळ तुझ्याकडे येतील. म्हणून मी त्यांना आधी उत्तरेकडच्या दोघींकडे नेणार आहे. रस्ता लांबचा आहे, गाडी वाटेत एकदा बिघडेल, ते मी बघतो. बुधवारपर्यंत मी त्यांना तिकडे अडकवून ठेवीन. गुरुवारी आम्ही तुझ्या दुसऱ्या मजल्यावर असू. तोवर तू तिथे असू नकोस. तुझ्या प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंना खरं काय ते सांग, पोलिसांत लेखी तक्रार दे, त्यात माझं नाव साक्षीदार म्हणून घाल, मी सही करीन. मांजर घे, लागेल तेवढंच सामान घे आणि नीघ. ग्रंथपालबाई तुझ्याबरोबर राहतील, त्यांना कुणी विचारून बोलतं करू शकत नाही. गटातून आजच बाहेर पड. आणि चिमे, नवा पत्ता मला कळवू नकोस. कधीच नको, मी मागितला तरी नको. गेल्या बुधवारी मी नाही म्हणालो ते खरं, पण त्यांनी मला एकदाच विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं तर मी काय बोलेन, ते मला माहीत नाही.

तुझाच,
दादा