पेवाकडे जाणारं पाणी

दादा,

नव्या तळ्यातल्या काठीवर पाणी कालच्या खुणेपेक्षा चार बोटं उतरलं आहे. काठावर मी भरून ठेवलेल्या घंगाळातलं मात्र अर्धंच बोट कमी झालं. म्हणजे उन्हाने नेलं ते अर्धं बोट. बाकीचं जमिनीत मुरतं आहे, आणि उतार शेजारच्या ठकूकाकींच्या पेवाकडे, जमिनीतल्या धान्याच्या कोठाराकडे आहे.

सकाळी काकी कुंपणाशी आल्या होत्या. "द्वारके, पेवातल्या जोंधळ्याला कुबट वास येतुया. वरीसभराचं खाणं हाय त्यात. तुमच्या तळ्याचं पानी न्हाई ना गं?" तू सांगितलं होतंस तसं मी "बघते" म्हणाले. आठ दिवस हेच म्हणते आहे.

नाथा धनगर सांगत होता, तळ्यात पाणी सोडण्याआधी मेंढ्या घालून तळाची माती तुडवून घ्या, म्हणजे पाणी मुरणार नाही. "लेंड्यांच्या चिखलात माझी मनू पोहायची नाही," म्हणून तू हसलास. मीही हसले. ही माती पाणी धरत नाही हे मला कळायला हवं होतं.

उद्या भोरहून पाहुणे येणार, त्यांच्यासमोर मनू पहिली उडी मारणार, हे मी विसरलेले नाही. लेकीची समजूत तूच काढ.

जेवण झाकून ठेवलं आहे. मी काकींकडे आहे. पेव उघडताहेत. आत कंदील सोडून तो विझत नाही हे पाहिल्याशिवाय कुणी उतरू नये म्हणून तिथे थांबते.

नाथा कुदळ घेऊन ओढ्याकडच्या बांधावर उभा आहे. मघाशी कुंपणावरूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "काकी, पाणी आमचंच आहे. तळं आजच फोडतो."

द्वारका