पहिल्या ओळीवर श्री

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आज अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला (छोटाच, मोठा लावला की छताचा धुराचा अलार्म ओरडतो) आणि लॅपटॉपवर नवी फाईल उघडली. पहिल्या ओळीवर श्री लिहिले. मग कामाला लागलो.

काम असे. आमचे सॉफ्टवेअर उपग्रहाची चित्रे पाहून कुठे दरड कोसळण्याचा धोका आहे ते सांगते. आजवर अहवाल कागदावर निघे आणि कावासाकीच्या क्लायंटकडचा माणूस तो वाचून नकाशावर ठिपके मांडी. आता थेट यंत्र वाचणार. त्यासाठी अहवालाचा जेसन फॉरमॅट, म्हणजे यंत्राला कळणारा रकान्यांचा साचा, हवा. तो मी ठरवणार. मंजूर झाला की एप्रिलपासून लीडचे पद, तीन वर्षांचे कंत्राट. नाही तर ३१ मार्चला जपानातून गाशा गुंडाळून पुणे. पण ‘नाही तर’ उगाच लिहिले.

५ फेब्रुवारी

आमच्या टीममधल्या मैत्रेयीने फाईल पाहिली. वय सव्वीस, अनुभव दोन वर्षे, तोरा वीस वर्षांचा. म्हणाली, “काका, आपली फाईल महिरपी कंसानेच सुरू व्हायला हवी. वरचं श्री काढा, यंत्र अडकेल.”

“तुझं अडकत असेल,” म्हणालो. माझे अडकत नाही. माझ्या चाचणीच्या प्रोग्रामला मी शिकवले आहे: पहिली ओळ आली की मान लववायची आणि पुढे जायचे.

संकल्प: हिच्याशी वाद घालायचा नाही. नुसती कीव करायची.

६ फेब्रुवारी

वाद घातला. चाळीस मिनिटे.

१२ फेब्रुवारी

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी श्री नसलेली पाटी तपासतच नसत. खाली ठेवत आणि पुढच्या मुलाकडे वळत. त्या शाळेतून मी इथे त्सुकुबापर्यंत आलो. ही इंटरनॅशनल स्कूलची. पाटी म्हणजे तिला आयपॅड.

माझ्या फॉरमॅटमध्ये आता सेहेचाळीस रकाने. तिच्या नमुन्यात नऊ. नऊ रकान्यांत डोंगर मावतो?

१८ फेब्रुवारी

मॅनेजर मोरिता-सानना फॉरमॅट दाखवला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, “विचार करू.” म्हणजे मंजूरच. येताना स्टेशनवरून बायकोसाठी, सुप्रभासाठी, स्ट्रॉबेरीचा केक घेतला.

२७ फेब्रुवारी

कावासाकीला चाचणी. तीनशे अठरा ठिकाणे पाठवली. नकाशावर एकही ठिपका नाही. त्यांचे यंत्र म्हणते, चूक पहिल्या ओळीत. जपानी यंत्राला देवनागरीचा संस्कार नाही, दुसरे काय!

मैत्रेयी म्हणाली, “देवनागरी चालते हो, काका. जागा चुकली. कंसाच्या आत एक रकाना करा आणि त्यात लिहा श्री. कोणी काही म्हणणार नाही.”

देवाला रकान्यात बसवायचे! सेहेचाळीस रकाने केले म्हणून सत्तेचाळिसावा देवाचा? घरी आल्यावर सुप्रभाला सांगितले. ती म्हणाली, “अहो, इथे आपला देव मायक्रोवेव्हवर बसतो. त्याला रकान्याचं काय जड आहे?”

सुप्रभाला डेटा स्ट्रक्चर कळत नाही.

४ मार्च

मूलभूत सुधारणा केली. श्रीखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या, यंत्राला दम घ्यायला. पुन्हा पाठवले. पुन्हा पहिली ओळ. या लोकांकडे श्रद्धा नाही हे माहीत होते, सबुरीही नाही.

मैत्रेयीच्या नऊ रकान्यांनी चार सेकंदांत तीनशे अठरा ठिपके उमटवले. घाईचे काम. कावासाकीच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. सौजन्य म्हणून असेल.

मोरिता-सान माझ्यापुढे फार वाकले. इतके आजवर कधी वाकले नव्हते. शुभ लक्षण.

संकल्प: उद्यापासून श्रीबद्दल शांतपणे विचार करायचा. गरज पडलीच तर काढायचे. पण पडणार नाही.

६ मार्च

विचार झाला नाही. केर टाकण्याची पाळी होती. प्लास्टिक आणि काच वेगळी करण्यात सकाळ गेली.

७ मार्च, शुक्रवार

मोरिता-सानचा मेल आला. एप्रिलपासून लीड मैत्रेयी-सान. फॉरमॅट नऊ रकान्यांचा. मला सहा महिने मुदतवाढ, तिच्या हाताखाली. काम: बाहेर जाणारी प्रत्येक फाईल पहिल्या ओळीपासून तपासणे.

सुप्रभाला फोनवर सांगितले, “क्वालिटीची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली आहे.” ती म्हणाली, “म्हणजे पुण्याला जायचं नाही ना? बस झालं. येताना दूध आणा.”

मैत्रेयी टेबलाशी आली. म्हणाली, “काका, सवय व्हावी म्हणून एखाद्या जुन्या फाईलपासून सुरुवात करू या का?” आणि यादी ठेवून गेली. यादीत पहिली फाईल माझी.

तपासली. पहिल्या ओळीत चूक आहे.

आजूबाजूला कोणी पाहत नाही असे बघून टेबलाखाली बूट काढले. स्क्रीनला हात जोडले. आणि ती ओळ पुसली.