पाट चालू असताना मोजलेली विहीर

सणसवाडी,
रविवार, १९ एप्रिल २०२६

आदरणीय मामांस,

सप्रेम जय भीम. मामींना आणि अपेक्षालाही.

मी बरी आहे. मामींना सांगा, भाची एसीत असते हे खरं, पण तो एसी माणसांसाठी नाही. एआयची कॉम्प्युटरं तापतात, त्यांच्यासाठी तो. आम्ही त्यांच्या चाकरीला. बारा तास टाक्या, पाइप आणि थंडाव्याचे आकडे बघत फिरायचं आणि खोलीवर आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचं. हल्ली भात लावायचाही कंटाळा येतो.

जयंतीला आले नाही. ड्युटी आहे असं कळवलं होतं. ड्युटी नव्हती, मामा. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, ती तशीच आहे. यवतला उतरून गावात यायचा धीर झाला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

फोनवर तुम्ही आधी "जेवलीस का?" विचारता आणि मग माझ्याच्यानं पुढचं बोलवत नाही. म्हणून लिहिते आहे.

अपेक्षानं परवा विहिरीचा फोटो पाठवला. तळातले दगड दिसत होते. गावच्या पाणवठ्यावर आपल्याला जाऊ देत नसत, तेव्हा आबांनी आणि वस्तीतल्या पाच-सहा घरांनी हातानं खोदलेली ती विहीर. दुष्काळातही तिनं घागर बुडण्याइतकं पाणी दिलं, असं तुम्हीच सांगायचात. शिवेवर आमच्या कंपनीचं डेटा सेंटर झालं, त्यांच्या बोअरवेल सुरू झाल्या आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात ती आटली. आता त्यांना दुसरी इमारत हवी आहे. एक मेच्या ग्रामसभेत ना-हरकत मागतील आणि पुढे करतील तो कागद माझ्या मोजणीचा. परिसरातल्या विहिरींना मुबलक पाणी आहे, असं त्यात लिहिलंय.

अडीच वर्षांपूर्वी सर्व्हेवाल्यांबरोबर आले होते, तेव्हा टेपचं टोक तुम्हीच धरलं होतं. रोहिदासकाकांना बांधावरून हाक मारून म्हणालात, "बगा, आमची भाची सायबीण झाली!" आणि मग मला हळूच, "पोरी, पाटाला पानी सुटलंय. ह्यो समदा पाझर हाय. पाट बंद झाला की आठ दिसांत खाली जातंय. उन्हाळ्यात ये आन् मग माप."

मी म्हणाले, "मामा, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय."

इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं नाही. फॉर्मात एक रकाना होता: मोजणीच्या दिवशी कालवा चालू की बंद. मी सव्वीस विहिरी मोजल्या आणि सव्वीस ओळींत 'बंद' लिहिलं. 'चालू' लिहिलं असतं तर मोजणी बाद झाली असती, उन्हाळ्यात पुन्हा करावी लागली असती. साहेबांना तेवढा दम नव्हता आणि मला ह्या कायम नोकरीचा शब्द मिळाला होता. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. तुमच्या घरात, तुमच्या बांधावर वाढले मी. पाझर म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही.

एवढ्यानं काय होतंय, असं पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पण इथल्या मीटरवर रोज किती पाणी जातं ते माझ्याच हातानं लिहिते. आणि हे सेंटर तर आपल्या शिवेवरच्यापेक्षा छोटं आहे.

तरी कदाचित गप्पच बसले असते. पण अपेक्षानं मागच्या बैठकीचं सांगितलं. लोक तुमच्या अंगावर आले, "तुमच्याच भाचीनं मापलं व्हतं." आणि तुम्ही उभे राहून म्हणालात, "माजी भाची खोटं लिव्हायची न्हाई. म्या वाढवलीया तिला." तेव्हापासून रोहिदासकाकांच्या घरचं कुणी तुमच्याशी बोलत नाही म्हणे. मला फार लाज वाटते, मामा. इतकी की रडूही येत नाही.

एक मेला मी येते आहे. ग्रामसभेत त्या रकान्याचं सगळं सांगणार. तारखा माझ्या डायरीत आहेत, पाटबंधारे खात्याच्या नोंदींशी ताडून बघता येतील. नोकरी जाईल, कदाचित पोलिसांपर्यंतही जाईल. जाऊ दे, मी दमले आहे. विहिरीला त्यानं पाणी येणार नाही हे कळतं मला. पण निदान भर उन्हाळ्यात पुन्हा मोजल्याशिवाय दुसरी इमारत उभी राहू नये.

माझ्या तोंडून चारचौघांत ऐकण्याआधी तुम्हाला एकट्याला कळावं, म्हणून हे पत्र.

आणि एक मागणं आहे. मी बोलायला लागले की लोक ओरडतील, नको ते बोलतील. तुम्हाला राहवणार नाही, मी ओळखते तुम्हाला. पण मामा, त्या दिवशी उठू नका. माझ्या बाजूनं एक शब्दही बोलू नका. माझ्याकडे बघितलं नाहीत तरी चालेल, फक्त खाली बसून राहा.

तुमच्या शब्दाला न जागलेली, तरी तुमचीच,
दीक्षा