नव्व्यांची जोडी

३ नोव्हेंबर, सोमवार

अप्पा आज फुलंब्रीला सापडले! निघाले होते पैठणला. बसस्टँडवर भलत्याच गाडीत चढले – थेट उलट्या दिशेला. कंडक्टर भला माणूस, अप्पांच्याच मोबाइलवरून मला फोन लावला त्यानं. शाळेतून अर्धी रजा टाकून पळाले.

बाकावर शांत बसले होते, पिशवी मांडीवर. म्हणाले, "पाटी बघितली नाय, एवढंच." सारा जन्म ह्या रस्त्यांवर टुरिस्ट टॅक्सी चालवलेले माझे वडील!

४ नोव्हेंबर, मंगळवार

गोकुळला पुण्याला फोन केला. धाकटा भाऊ, पण समजावतो मोठ्यासारखा. ताई, तू उगीच घाबरतेस म्हणे. पोकरच्या पत्त्यांत तुला अजून हरवतात ना? मग डोकं शाबूत आहे.

हरवतात, हे खरं. गेल्या महिन्यात गॅस तसाच सोडून गच्चीवर गेले, भाजीचा कोळसा झाला. त्याच संध्याकाळी माझे सगळे चिंचोके जिंकून घेतले. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. मी इतकी खूश झाले की गॅसचं गोकुळला सांगितलंच नाही. मीही त्याच एका गोष्टीला धरून बसलेय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटी अप्पांनी विषय काढलाच. पैठणच्या घरी जाऊन राहायचंय. एकट्यानं, कायमचं. आई गेल्यापासून ते घर बंद आहे. इथं सिडकोत तिसऱ्या मजल्यावर जीव कोंडतो म्हणतात. मी नाही म्हटलं. ते चिडले, मग मी चिडले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं – तुम्हाला आता काय कळतंय!

अप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पत्त्यांवर ठरवू."

ही त्यांची वेरूळच्या पार्किंगमधली रीत. पाहुणे लेणी बघत हिंडायचे आणि ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत पत्ते कुटायचे. पावसात अडकलेल्या एका गोऱ्या पाहुण्यानं त्यांना पोकर शिकवला. तेव्हापासून भाडं कुणी न्यायचं, घरी आधी कुणी जायचं, सगळी भांडणं पत्त्यांवर मिटायची. डाव संपला की कुरकुर नाही. आणि टाकून दिलेले पत्ते कुणी उलटून बघायचे नाहीत. आमच्या घरातही तेच. माझं बी.एड. असंच ठरलं होतं. मी जिंकले म्हणून शिकले.

हो म्हणून बसले. त्या एका वाक्याची लाज वाटली म्हणून. मी जिंकले तर अप्पा इथं राहतील, ते जिंकले तर पैठण.

८ नोव्हेंबर, शनिवार

भीती वाटतेय. दुसरं लिहायला काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पत्ते वाटायला कय्युमचाचा आले. पार्किंगच्या दिवसांपासूनचे अप्पांचे जोडीदार. दोघांपुढं चिंचोक्यांचे सारखे ढीग. ज्याचा ढीग संपेल तो हरला.

जेवणं झाल्यावर बसलो. ढीग कधी इकडं वाढायचा, कधी तिकडं. मग माझ्या हातात आल्या दोन नव्व्या. नव्व्यांची जोडी – ना धड मोठी, ना टाकून देण्याजोगी. चाचांनी मधे तीन पत्ते उघडले, दोघांनाही हातातल्यांशी जुळवता येतील असे. राजा, सत्ती, चौकी. मी चिंचोके लावले. अप्पांनीही तेवढेच लावले. चौथा पत्ता दुर्री. पुन्हा लावले. पुन्हा तेवढेच त्यांनी लावले, गुमान.

त्यांच्या हातात आणखी एक राजा असला तर माझी जोडी मेली. मधल्या जोडीवर जीव लावू नको, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पाचवा पत्ता राणी. इथं थांबता आलं असतं. असलेले पत्ते उघडायचे, हरले तर हरले, थोडे चिंचोके राहतील, खेळ चालू राहील. एरवी हेच केलं असतं.

पण अजून एक डाव बसून खेळायची ताकद माझ्यात नव्हती. आणि खरं सांगायचं तर अप्पांना बंद घराचं कुलूप काढताना मला बघवलं नसतं. सगळा ढीग पुढं सारला.

अप्पा हातातले पत्ते बघत राहिले. मग मधले पत्ते. मग परत हातातले. ओठ हलत होते. चाचांनी एकदा, "काय करतो, अप्पाराव?" म्हणून विचारलं. अप्पांनी पत्ते पालथे टाकले, उरलेले चिंचोकेही माझ्याकडं लोटले.

"पुरं झालं. तू जिंकली."

१० नोव्हेंबर, सोमवार

पैठणला न्यायला भरलेली पिशवी त्यांनी स्वतःच रिकामी केली. सदरे कपाटात गेले. कुरकुर नाही. मी जिंकले आणि दिवसभर घास उतरला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर फाटकाशी कय्युमचाचा उभे! खास मला भेटायला आले होते. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "बेटा, जिंदगीत कुणाचे टाकलेले पत्ते बघितले नाय मी. गोळा करताना एक उलटला. बादशाह व्हता."

मी स्कूटरची किल्ली परत पर्समध्ये टाकली.

"तुझी जोडी मेली व्हती. जाणूनबुजून हरला तो. बाप हाय."

स्कूटर कडेला घेऊन रडले. म्हणजे त्यांनाही इथंच राहायचं होतं! नुसतं तोंडानं म्हणवत नव्हतं. माझ्या त्या वाक्यानंतरही त्यांनी राजा टाकला, माझ्यासाठी. येताना मिठाईवाल्याकडून गरम इमरती घेतली. पत्त्यांचं काही विचारलं नाही, रीत ती रीत. अप्पांनी दोन खाल्ल्या. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. गोकुळला सांगितलं तर म्हणतो, बघ, मी सांगत नव्हतो, डोकं शाबूत आहे त्यांचं?

१६ नोव्हेंबर, रविवार

चाचा आले होते. सहज म्हणून डाव मांडला, आज पत्ते मी वाटले. अप्पांनी हातातला एक पत्ता माझ्याकडं वळवला. बदामचा राजा. आणि चाचांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "विशाखा, हा कोण हाय गं?"