बाल्टिमोरच्या पुढचं तिकीट

नेपरव्हिल, ऑक्टोबर २००३

चि. राजस,

इराकहून रजेवर निघालास की लष्कर तुला बाल्टिमोरला उतरवणार. तिथून घरी यायला शिकागोचं तिकीट कोणी काढायचं, यावरून लष्कराचीच दोन खाती भांडताहेत. एक म्हणतं, "सर, त्यांना विचारा." दुसरं म्हणतं, "आमच्याकडे कोणी पाठवलं तुम्हाला?"

तुझी आई म्हणाली, "अहो, विचारताय काय? काढा की आपणच." काढलं.

मग सहज दोन्ही खात्यांना विचारलं, त्याच्या इराकला परत जाण्याच्या तिकिटाचं काय? तासाभरात दोघांचंही उत्तर आलं, "ते केव्हाच झालंय, सर."

तेव्हापासून मला त्यांच्या भांडणाची नाही, एकमताची भीती वाटते. हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या आधी कोण वाचेल, कोण जाणे.

आईच्या चकल्या मऊ पडायच्या आत ये.

तुझा संशयी
बाबा