दीपाचा अर्ज

६ जानेवारी १९८५, पिस्कॅटवे

ह्यांनी आज दीपाचा कॉलेजचा अर्ज स्वतःच टाइप केला. लेकीला न विचारता! विषय — इंजिनिअरिंग. मी म्हटलं, तिला बोलवा तरी. "माझ्या व्हिसापासून तुझ्या ग्रीन कार्डापर्यंत सगळे फॉर्म मीच भरले ना? एक तरी परत आला?" नाही आला. त्याचाच माज आहे.

दीपाने कागद पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. "इट्स माय लाइफ, बाबा!" दार असं आपटलं की भिंत हादरली. शाब्बास पोरी!

८ जानेवारी

माझं डोकं अजून तापलेलंच.

१२ जानेवारी

पुरुषोत्तम साठ्यांकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरून एक पदार्थ न्यायचा. मी सहज म्हटलं, दीपाने फिजिक्स घ्यावं. सगळे हसले. "वहिनी, फिजिक्स करून जॉब कुठे मिळतो यार?" — साठे. त्यावर आमचे हे: "हिलाच विचारा ना. नागपूरची एमएस्सी फिजिक्स, फर्स्ट क्लास! आता मॉलमध्ये पडदे विकते."

तेरा माणसांसमोर. माझ्याच हातच्या पुऱ्या खात हसत होते मेले. ह्यांचा मला आज मनापासून तिरस्कार वाटला.

दीपा तिथेच सोफ्यावर होती. तिच्या मनात काय आहे ते मला कळतं. आईला नाही कळणार तर कोणाला?

१४ जानेवारी

ह्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं, पोस्टात टाक म्हणून. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून उघडलं. इंजिनिअरिंगवर व्हाइटनर फासला, फुंकर मारून वाळवला, वर स्वच्छ अक्षरात लिहिलं — फिजिक्स. लग्नानंतर इतकी मजा कधी आली नव्हती! नवं पाकीट आणलं, टाकलं पेटीत.

२९ मार्च

पत्र आलं. प्रवेश मिळाला, फिजिक्सला! हे लालबुंद. कॉलेजला फोन लावून भांडायला निघाले, "मिस्टेक तुमची आहे!" तेव्हा सांगून टाकलं. मी केलं. लेकीसाठी केलं. ह्यांनी रिसीव्हर आपटला.

दीपा मैत्रिणीकडे गेली आहे. आली की मिठीच मारील.

१ एप्रिल

"आय वॉन्टेड इंजिनिअरिंग, आई. बाबांनी विचारलं नाही म्हणून मी ओरडले. तूही नाही विचारलंस."

विषय बदलून मागायला दोघं आज कॉलेजात गेलीत. मला चल म्हणालं नाही कोणी.