नीरफणसाची जागा

प्रिय कथबर्ट,

नाताळला तुझा फोन आला तेव्हा लाइन इतकी खरखरत होती की निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं. बरंच झालं. जे सांगायचंय ते फोनवर माझ्याच्यानं सांगवलं नसतं.

आधी गावची खबर. विमानतळाची धावपट्टी आपल्या परसातून जाणार हे तुला माहीतच आहे. टेकडीपलीकडे आम्हाला नवी घरं मिळाली. माझ्या घराला काँक्रीटचं छप्पर आहे. कुठल्याही वादळात ते उडणार नाही, असं इंजिनिअर छातीठोकपणे सांगतो. वादळाचं मत अजून कळायचंय. मागच्या मोठ्या वादळात शेजारच्या बेटांचे सैनिक येऊन आपले रस्ते मोकळे करत होते. आपल्याकडे सैन्य कुठलं आता, पोलीस आणि गस्तीची होडी, बस. त्या पोरांना चहा देता देता शेजारची मा ओडिल म्हणाली, "आमचाही एक होता बरं का सैनिक. आता लीड्सला बस चालवतो." मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

दर मंगळवारी येणारं केळ्यांचं जहाज बंद झाल्यापासून त्या वाराला काही अर्थच उरला नाही. आठवतं ना, पपा घडाला डाग पडू नये म्हणून तान्ह्या पोरासारखा धरून उतार उतरायचे? त्या उतारावर आता रोलर फिरतो. पण गावची पोरं त्याच कामावर आहेत, परदेशी गेली नाहीत, म्हणून मी विमानतळाला शिव्या देत नाही.

पपांना तू केळ्यांच्या मळ्यातच हवा होतास. तू पलटणीत गेलास, आणि दारात बसून बूट असे चमकवायला लागलास की मा ओडिल त्यात बघून टोपी नीट करायची. पपा गुरगुरायचे, "एक दिवस फेकून देईन ते समुद्रात." मग तुला प्रशिक्षणाला बाहेर पाठवणार असं ठरलं, आणि त्याच आठवड्यात बूट गेले. पुढे सरकार उलथवण्याच्या कटाची बोलवा उठली, पलटणच मोडली, ज्याने त्याने आपलं सामान जमा करायचं होतं. तुझे बूट नाहीत. कोणाला दिलेस, कशासाठी दिलेस, सहा दिवस कोठडीत पोलीस तुला तेच विचारत होते. सुटून आलास तो थेट पपांसमोर उभा राहिलास. "तुम्हीच फेकलेत ना?" ते नुसतं "नाही" म्हणाले. तू एकोणीस वर्षांचा होतास. बोटीत बसलास तो पपांच्या मातीलाही आला नाहीस.

गेल्या शनिवारी माझं सामान हलवायला अख्खं गाव आलं. कुणी मजुरी घेतली नाही. कालवणाचा मोठा टोप मात्र मला चढवावा लागला. सगळ्यात शेवटी तुझा नीरफणस काढला. तू जन्मलास तेव्हा पपांनी तुझी नाळ पुरून त्यावर लावलेला. मी चार वर्षांची होते, माती लोटायला मीही बसले होते. मुळांखालून निळी पिशवी निघाली, केळ्याच्या घडावर चढवतात ती. प्लास्टिकला काय होतंय? आत तुझे बूट. मा ओडिलने कपाळावर हात मारला. "म्हाताऱ्याचीच पिशवी! म्हणजे पोरगा खरं बोलत होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कालवण वाढत राहिले.

कथबर्ट, ते बूट मी पुरले. नाळेजवळ माणसाची वस्तू ठेवली की तो घर सोडत नाही, असं बायका म्हणायच्या, आणि तू जाऊ नयेस एवढंच मला हवं होतं. तुझं जाणं टळलं की काढणार होते. मग तुला नेलं, आणि सैन्याचे बूट आपल्या परसात पुरलेत हे सांगायची मला भीती वाटली. तू पपांना बोललास तेव्हा मी चुलीपाशीच उभी होते. शेवटच्या दुखण्यात पपांनी माझा हात धरून विचारलं, "थिओ, ते बूट मीच फेकले का गं? आता आठवत नाही." मी म्हटलं, "झोपा, पपा." शनिवारी मी पुन्हा गप्प बसले, म्हणून हे पत्र. रविवारी चर्चच्या दारात गावाला सांगणार आहे, पण आधी तुला. नीरफणसाच्या मुळाचा फुटवा नव्या घराशी आधीच लावला होता, मूळ धरलंय त्याने. धावपट्टी झाली की विमान आपल्या परसातच उतरेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. विमानातून उतरून सरळ पपांकडे जा.

तुझीच बहीण, अजून तरी म्हणू देशील तर,
थिओनिल